घरघर थांबवण्याचा खटाटोप

माझा मुलगा कॅनडात असतो आणि रविवारी सकाळी फोन करतो. फोन म्हणजे कॉम्प्युटरवर. आगरदांड्याच्या रस्त्याला आमच्या घरात मोबाईलची रेंज मिळणं ही देवाची कृपा, पण वायरचं इंटरनेट मी कामासाठी घेतलेलं आहे. मुरूडचा फोटोग्राफर लग्नांचं शूटिंग आणून टाकतो, मी ते कापून जोडून देते. दिवसभर लोकांच्या लेकी सासरी धाडायच्या आणि संध्याकाळी एकटीपुरता भात लावायचा. नवरा गेल्यापासून हे असंच चाललंय.

कॉम्प्युटर जुना. लग्नं जोडताना तापायचा, आणि त्यावर मुलाचा चेहरा आला की आणखी. मग आतला पंखा असा घरघरायचा की मुलगा कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, आई, काही ऐकू येत नाही गं, नंतर बोलतो. ते नंतर पुढच्या रविवारी यायचं. पंखे बदलून पाहिले, पण आमच्या खाऱ्या हवेत नवा पंखाही लवकरच रडायला लागतो. माझ्या डोक्यानं घेतलं की या आवाजानंच माझा मुलगा तोडलाय. आवाज गेला की तो बसेल, बोलेल. मला दुसरं काही नको होतं.

पाण्यानं कॉम्प्युटर थंड ठेवायचे तयार संच मिळतात, पण तेवढ्या पैशात दुसरा कॉम्प्युटर येईल. म्हणून मी व्हिडिओ बघून स्वतःच मांडामांड केली. प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी वाहणारा तांब्याचा ठोकळा कुणाचा तरी वापरलेला मागवला. माशांच्या टाकीतला छोटा पंप लोणच्याच्या बरणीत सोडला. म्हसळ्याच्या भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या गाडीच्या हीटरची जाळी आणली आणि मागच्या पडवीत टांगली, समोर एक मोठा संथ पंखा. बरणी, ठोकळा, जाळी आणि परत बरणी, असं पाणी फिरवायला खिडकीतून नळ्या ओढल्या. वीज जोडण्याआधी नुसतं पाणी फिरवून बघायचं असतं. मी प्रत्येक जोडाखाली कोरड्या रांगोळीची रेघ ओढली, थेंब पडला तर लगेच दिसावा म्हणून. शेजारीण कालवण द्यायला आली ती दारातच थबकली.

"सलाईन लावलंस काय गो याला? जगंल ना?"

रांगोळी कोरडी राहिली. कॉम्प्युटर जगला. पण भरवसा बसेपर्यंत जुना पंखाही मी चालू ठेवला, आणि मुलाला काही सांगितलं नाही. फक्त पाणी मी आमच्या विहिरीचं भरलं होतं. समुद्र हाकेवर असून आमची विहीर गोडी, याचा या घराला फार तोरा. व्हिडिओतला माणूस डिस्टिल्ड पाणीच घाला म्हणून घसा कोरडा करत होता, पण आमच्या पाण्याला नावं ठेवणारा हा कोण, असं मला वाटलं. चहाच्या टोपाला बसणारा पांढरा थर मी लग्न होऊन आल्यापासून घासतेय, तरी हे वाटलं. व्हायचं तेच झालं. उन्हाळ्याच्या तोंडाला मशीन ऐन एक वरात जोडताना बंद पडलं. ठोकळा उघडला तर आतल्या बारीक चरांत चुन्यासारखा थर. तो कोकमाच्या पाण्यात भिजत घातला, जुन्या टूथब्रशनं खरवडला आणि गॅरेजातून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणून भरलं. स्वतःला दोन शिव्याही घातल्या.

या वेळी जुना पंखा काढला आणि आवाज खरंच गेला. कॉम्प्युटर चालू आहे की नाही हे दिव्याकडे बघून कळायचं.

रविवारी मी केस विंचरून बसले. मुलाच्या लगेच लक्षात आलं. मी त्याला सगळं दाखवलं, बरणी, नळ्या, पडवी. तो हसला, कौतुक केलं. मग जेवण विचारलं, गुडघा विचारला. मी तिकडची थंडी विचारली. त्यानंतर तो गप्प झाला आणि मीही. एवढ्या शांततेत त्याची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलेली मला स्वच्छ दिसली. त्याला माझ्याविषयी माया नाही असं नाही. पण बोलायला काही उरलं नव्हतं, आणि ते आजचं नव्हतं. मला राग आला, मग रडू आलं, आणि त्यानं पाहू नये म्हणून मी नळी तपासायला वाकले.

पुढच्या रविवारीही तसंच. जेवण, गुडघा, थंडी. तो शब्द शोधत होता, आणि माझ्या पोराला माझ्यासमोर असं अवघडून बसलेलं मला बघवेना.

मी म्हटलं, "मशीन परत घरघरायला लागलंय बघ. तुला ऐकू येत नसेल नीट. नंतर बोलू या का?"

खोलीत मुंगी चालली असती तरी ऐकू आली असती.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो गं आई. येतोय थोडा आवाज."