भाचीचं लग्न आणि गाडीचं टोपण

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगमधलं आमच्या खानदानात फक्त मला कळतं. म्हणूनच भाचीच्या लग्नाला निघालो आणि तेलगावातच अडकलो.

लग्न घाटनांदूरला. मी सख्खा मामा. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी उभं राहायचा मान माझा. पण बीडहून निघतानाच बॅटरी रडत होती (आदल्या दिवशी अख्ख्या गल्लीला फिरवून आणलं होतं!). तेलगावात फास्ट चार्जर दिसला. वायरीच्या टोकाची गन उचलली, तर वर गोल तोंड आणि खाली आणखी दोन जाड टोकं! घरच्या चार्जरला नुसतं गोल तोंड होतं, अन् गाडीलाही गोलच भोक दिसत होतं.

“ही सीसीएस टू, आपली टाइप टू,” मी जमलेल्या लोकांना समजावलं. “घराणी वेगळी. सोयरीक जमायची न्हाई!”

“मंग आकडा टाकू का?” वरच्या तारेकडं बघत एक शेळ्यावाला म्हणाला. “हिरीवरची मोटार चालती, गाडी कावून चालंना?”

“आकडा कशाला बे? गनचं खालचं टोक कापा!” दुसरा म्हणाला.

बायको वाकून बघत होती. “आवो, ह्या गोल भोकाच्या खाली हे काळं टोपण कशाचं हाय?”

“पावसाचं पाणी निघायला असतंय! हात लावू नको, वॉरंटी जाईल!”

तेवढ्यात बहिणीचा फोन. “दादा, नवरदेव पारावरून निघाला! तू न्हाई आलास तर गणपतला उभा करते!”

गणपत म्हणजे माझा चुलतभाऊ. बांधाच्या भांडणापासून आम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही. खरं सांगतो, मला रडू फुटलं.

बायकोनं वॉरंटीचा विचार न करता टोपण ओढलं. आत दोन भोकं! गन खटकन बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेळ्यावाल्यानं मात्र काळजीनं विचारलं, “तुमी कितवी शिकलाव?”

चार्जिंग होताच गाडी दामटली. मांडवात पळत शिरलो, तर गणपत फेटा बांधून तयार, पण लग्न लागायचं होतं! मी बहिणीचा हात धरला.

“सुमे, माझ्यासाठी थांबलात गं!”

“तुझ्यासाठी कावून थांबू?” बहीण म्हणाली. “साहेब यायचेत अजून!”

साहेब म्हणजे आमचे पुढारी. मुहूर्त पंचांगात कितीचाही असो, लग्न त्यांची गाडी आल्यावर लागतं. गणपतला बाजूला सारून मी नवरीच्या मागं उभा राहिलो. तेवढ्यात धुरळा उडवत साहेब आले.

“काय मामा, आमच्यामुळं लई ताटकळलाव न्हवं?”

“छे छे साहेब,” मी हात जोडून, दात काढून म्हणालो, “आमी बी आत्ताच आलो!”

पुढाऱ्यासमोर मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो.