वाळक्या काड्या

थंडीत हायड्रेंजियाच्या फुलझाडाची पानं गळतात आणि नुसत्या तपकिरी काड्या उरतात. बाजारातून आले, तर त्या काड्यांचा ढीग फाटकाशी पडलेला, आणि शेजारचे नाना माझीच कात्री हातात घेऊन उभे.

"सगळं वाळून गेलं होतं, वहिनी. छाटून टाकलं. बाग कशी मोकळी झाली बघा!"

मी एक काडी उचलली. टोकाशी हिरवा, टपोरा डोळा होता. पुढचा निळ्या फुलांचा गुच्छ त्यातूनच यायचा होता. चहाचा चोथा घालून घालून मी हे झाड जपलं होतं.

डोळ्यांना काही दिसलं नाही की ते मेलं, असं या माणसांना कोण शिकवतं? माझी मुलगी नोकरी सोडून वर्षभर घरी होती, तेव्हा याच फाटकाशी उभे राहून नाना विचारायचे, "वाया गेली का हो पोरगी?" ती आत ऐकत असायची.

"एवढं काय चिडायचं? काड्याच तर होत्या," माझा चेहरा बघून नाना म्हणाले.

मी हात पुढे केला.

"कात्री द्या, नाना. आणि जाताना फाटक बाहेरून लावून घ्या."