आमच्या रक्तातली उणीव

धाकट्या भावाची डावी पोटरी सुजली तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. गोडदेवला आमची दोन्ही घरं एकाच मजल्यावर. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तो दिवसभर मशीनपुढे बसायचा, त्यामुळे पाय आखडला असेल असंच आम्हाला वाटलं.

"ताई, जरा चोळून दे ना."

दोन दिवस मी कोमट तेलाने पोटरी रगडली. कातडी चटका बसेल इतकी गरम. "डॉक्टरला दाखव," मी म्हटलं. "रविवारी जातो," म्हणाला.

शनिवारी सकाळी दात घासता घासता त्याला धाप लागली. रिक्षातच ओठ निळे पडले. दुपारपर्यंत सगळं संपलं. पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली होती.

"घरात आणखी कोणी असं तरुणपणी गेलंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ह्याचे वडील," आई म्हणाली. "अटॅक म्हणाले होते."

मग बाईंनी मला समजावलं. जखम झाली की रक्त गोठतं; पण गोठणं वेळेवर थांबवणारी प्रथिनंही रक्तातच असतात. काही घराण्यांत ती जन्मापासून कमी असतात.

"मी चोळलं म्हणून गेला का?"

"तुम्हाला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

पुढे तपासण्या झाल्या. त्यातलंच एक, प्रोटीन एस, माझ्यात कमी निघालं, भावाच्या चौदा वर्षांच्या मुलीतही. भावजयीने तिचा रिपोर्ट कपाटात ठेवला. "ताई, तिला इतक्यात काही सांगू नका. आणि बाहेर तर नकोच. उद्या लग्न कोण करेल?" मीही गप्प बसले.

वर्षभराने गौरी बसायच्या आदल्या दिवशी भावजयीच्या माहेरची माणसं आली होती. तिने पोरीच्या हातावर पाळी पुढे ढकलायची गोळी ठेवली. मी ती हिसकावून घेतली.

"ह्या गोळ्यांनी गुठळ्या होतात! बापासारखी घालवायचीय का हिला?"

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. "आत्या, मला काय झालंय?"

तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. पाय सुजला, छातीत दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना. ती रडली नाही. "पप्पांचा पाय कोणी चोळला होता?" एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं.

भावजय तेव्हापासून बोलत नाही. जिन्यात भेटलो तर पदर सावरून बाजूला होते.