निळ्या वायरची चावी

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीत लाइनवर उभा होतो. सुपरवायझरनं विचारलं, "कोण लागायची तुझी?" शेजारीण म्हटलं असतं तर सुट्टी मिळाली नसती, म्हणून "मावशी" एवढंच बोललो. आता महिना उलटलाय, पण त्या दिवशी खोटं बोललो असं एकदाही वाटलं नाही.

आम्ही लातूरकडचे, शेवंतामावशी इथलीच, मावळातली. आमच्या वस्तीतल्या गल्लीत बहुतेक घरांतले नवरा-बायको दोघंही कामावर, त्यामुळं आठ-दहा घरांच्या चाव्या तिच्या कमरेला. नळाला पाणी आलं की कुलपं उघडून आमचे हंडे भरून ठेवायची. ओळखायला प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची वायर, आमची निळी. एकदा माझ्या बायकोचे चांदीचे पैंजण सापडेनात. आमच्यामागं घरात जाणारी एकटी मावशीच. मी संशयाचं अवाक्षर न काढता कुलूप बदललं आणि नवी चावी तिला दिलीच नाही; आता पाणी आम्हीच भरू, एवढं सांगितलं. आठवड्यानं पैंजण तांदळाच्या डब्यात सापडले. तरी चावी द्यायची राहिली... राहिली कसली, कोणत्या तोंडानं देणार होतो?

त्याच महिन्यात सर्वेक्षण आलं. पालिकेनं वस्तीच्या जागी इमारती बांधायचं ठरवलं होतं. ज्याचं घर मोजलं जाईल त्यालाच फ्लॅट, दारावर 'बंद' लिहिलं गेलं की नाव यादीबाहेर. आणि मोजणी कधी, तर सकाळी अकराला! अहो, कारखान्यांच्या गावात त्या वेळी घरात सापडणार कोण? मावशी पुढं झाली. एकेक कुलूप उघडून घर दाखवत, कागद काढून देत आमच्या दाराशी आली, आणि चावी लागेना. एकदा, दोनदा, उलटी करून... गल्ली बघत होती. मोजणीच्या साहेबांनी खडू काढला तशी ती उंबऱ्यावरच बसली. "कामावर गेलाय त्यो. कामावर गेला म्हणून घर गेलं व्हय त्याचं? त्यो येईस्तोवर मी उठायची न्हाई."

तिचा फोन आल्याबरोबर मी हातातलं काम टाकून निघालो. भोसरीपर्यंत ट्रॅफिकनं जीव खाल्ला. पोचलो तर ती तशीच बसलेली, साहेब घड्याळ बघत उभे. माझ्या हातातली नवी चावी तिनं पाहिली. आता चारचौघांत माझा पाणउतारा होणार, असंच वाटलं मला. ती एवढंच म्हणाली, "कुलूप बदललंस व्हय? बरं केलंस. जुनं खराबच झालं हुतं." धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आमचं घर मोजलं गेलं. पण तोवर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दुसरी टीम येऊन गेली होती, आणि मावशीच्याच दारावर खडूनं लिहिलं होतं, 'बंद'.

तिनं हरकत घेतली. सुनावणीला मी साक्षीदार. तिथल्या साहेबांनी विचारलं, "चावी होती ना यांच्याकडं, मग तुमच्या दारात इतका वेळ का?" तिच्याकडं न बघता सांगून टाकलं, "मी यांच्यावर चोरीचा संशय घेतला होता, साहेब." बाहेर आल्यावर ती म्हणाली, "त्या दिशीच कळलं हुतं मला. चल, च्या पिऊ." हरकतीचा निकाल मात्र लागला नाही. वस्ती पाडली, आम्ही सहाव्या मजल्यावर राहायला आलो, आणि मावशी देहूरोडला भाड्याच्या खोलीत. तिथंच निकालाची वाट बघत ती वारली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मावशीच्या नावानं वंदना झाल्यावर, तिच्या लेकीनं चाव्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. "ज्याच्या त्याला परत कर म्हणाली होती आई." कुणाला करू? त्यातलं एकही दार आता उभं नाही. निळ्या वायरची चावी तेवढी मी सोडवून घेतली.

फ्लॅटच्या दाराला तीन चाव्या मिळाल्या होत्या. एक माझ्याकडं, एक बायकोकडं. तिसरीला आल्या दिवशीच मी निळी वायर गुंडाळली होती, मावशीला द्यायला... पण जिचं घर माझ्यापायी गेलं, तिच्या हातात माझ्या घराची चावी ठेवायला धीर झाला नाही. ती चावी अजून दारामागच्या खिळ्यालाच आहे.