डाव्या पावलाची बाब

सरोजिनी नगरच्या तहसिलीबाहेर, कडुनिंबाखाली माझे तख्त आहे. तख्त म्हणजे फूटभर उंचीची लाकडी बैठक. तिच्यावर मांडी घालून बसायचे, समोर उतरते डेस्क ठेवायचे, आणि येईल त्याचे गाऱ्हाणे कायद्याच्या भाषेत उतरवून द्यायचे. वारसनोंद, बांधाचा वाद, बंद पडलेली पेन्शन. लोक मला मुंशीजी म्हणतात. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले, हे मी लपवीत नाही; परंतु ज्यांच्या नावापुढे पदव्या आहेत असे वकीलही अवघड मसुदा माझ्याकडेच पाठवितात, हेही तितकेच खरे आहे. वडील अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीनिमित्त इकडे उत्तरेत, आलमबागेत आले. घरात मराठी आणि दारात हिंदी अशा दोन्हींवर मी वाढलो, आणि दोन्हींपैकी एकीतही माझ्या हातून लंगडे वाक्य लिहिले गेल्याचे मला स्मरत नाही.

मांडी हाच आमच्या व्यवसायाचा पाया आहे. त्यामुळे कमरेच्या दुखण्याला मी पुष्कळ काळ दुखणे मानलेच नाही. सायंकाळी उठताना एक कळ कमरेतून निघून डाव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत धावे. मी तख्ताची कड धरून क्षणभर उभा राही, आणि पाहणाऱ्यास वाटे की मुंशीजी एखाद्या कलमाचा विचार करीत आहेत. थंडीच्या दिवसांत मात्र ई-रिक्षा गतिरोधकावरून गेली की माझ्या तोंडून आवाज निघू लागला. तेव्हा आलमबागेतील एका डॉक्टरांनी एमआरआय काढविला. कमरेच्या शेवटच्या मणक्यांमधील दोन गाद्या मागे सरकल्या होत्या आणि त्यांतील एक गादी नस दाबीत होती.

डॉक्टर म्हणाले, “अभी ऑपरेशन की बात नहीं करते। दवा, आराम, कसरत। लेकिन पैर में ताकत कम लगे, या पेशाब पर काबू न रहे, तो उसी दिन आइएगा। सोचने मत बैठिएगा।”

ऐकलेले वाक्य शब्दशः ध्यानात ठेवणे हा माझा गुण आहे. ही सूचनाही मी तशीच ठेवली. पुढे जे घडले, ते विस्मरणामुळे घडले असे मला म्हणता येणार नाही.

होळीच्या आधीचे दिवस होते. सकाळी तख्तावर येऊन बसलो, चष्मा पुसला, तोच शेजारच्या तख्तावर स्टॅम्प विकणारा माझा जुना सोबती हसू लागला.

“अमाँ मुंशी जी, एक चप्पल ससुराल छोड़ आए क्या?”

मी खाली पाहिले. उजव्या पायात चप्पल होती, डाव्यात नव्हती. ती फाटकापाशी चहाच्या टपरीसमोर उलटी पडली होती. तेवढे अंतर मी खडीवरून एका अनवाणी पायाने चालत आलो होतो, आणि पायाला त्याची वार्ताच नव्हती.

“पट्टा ढीला है,” मी म्हणालो.

“पट्टा ढीला है कि आदमी?” असे म्हणत त्याने ती आणून दिली.

तो गिऱ्हाइकाशी बोलू लागल्यावर मी पट्टा ओढून पाहिला. पट्टा घट्ट होता.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावयास हवे होते. मी गेलो नाही, कारण गेल्यावर ते काय म्हणतील हे मला ठाऊक होते. आणि आमच्या रांगेतील वृद्ध दस्तलेखकाचे काय झाले, तेही मी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांचेही असेच कमरेचे ऑपरेशन झाले. ‘महिन्याभरात येतो’ असे सांगून ते गेले. त्यांच्या तख्तावर प्रथम ताडपत्री होती, मग कोणाच्या तरी पिशव्या, आणि नंतर लॅपटॉप व प्रिंटर घेऊन एक तरुण मनुष्य बसू लागला. वृद्ध गृहस्थ एकदा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आले, उभ्यानेच चहा घेतला, आणि आपल्या जागेकडे न पाहता परत गेले. ऑपरेशन बिघडले होते की वयाने गाठले होते, हे कोणी विचारले नाही. स्टॅम्पवाल्याने मात्र निकाल देऊन टाकला होता : “कमर में चाकू लगा, समझो आदमी गया।”

आमच्या व्यवसायाचा एक संकेत आहे. अर्जात खोटे लिहू नये, परंतु आपल्या विरुद्ध जाणारी बाब आपण होऊन मांडूही नये. अधिकाऱ्याने विचारली तर पाहता येते. या संकेतावर मी शेकडो लोकांना न्याय मिळवून दिला आहे. आता मी स्वतःचे प्रकरण हाती घेतले, आणि त्यातून डावे पाऊल वगळले.

नागपुरास माझ्या आतेभावाचा मुलगा डॉक्टर आहे. त्याला एमआरआयची छायाचित्रे फोनवर पाठविली. त्याने विचारले, “काका, पायात कमजोरी नाही ना?” मी म्हणालो, “अरे, रोज चालतो-फिरतो आहे मी.” तो म्हणाला, “मग थांबा. घाई नको.” तेलीबागेतील एका डॉक्टरांच्या दवाखान्यात दाराबाहेरपर्यंत रांग होती. त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि विचारले, “पैर की ताकत ठीक है?” मी म्हणालो, “हुज़ूर, रोज़ तहसील आता-जाता हूँ।” त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

दोन्ही उत्तरांत एकही शब्द असत्य नव्हता. प्रकरण उत्तम उभे राहिले होते आणि दोन निकाल माझ्या बाजूने लागले होते. त्या सायंकाळी मी घरी खस्ता कचोरी घेऊन गेलो.

पत्नीने पुडके हातात घेतले, पण उघडले नाही.

“त्यांना पावलाचं सांगितलं?”

“कोणत्या पावलाचे?”

“अहो, मी स्वयंपाकघरात असते, मला जिना ऐकू येते. एक पाय ठेवता अन् एक आपटता. मला आधी वाटलं, रागावून येऊन राहिले.”

“रोज रागावलेला कोण असतो?”

“तुम्ही,” ती म्हणाली.

आमची मुलगी एका खाजगी कंपनीत कामाला आहे. तिला मराठी सर्व समजते, परंतु उत्तर ती हिंदीतच देते. आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, “बाबा, अपना केस खुद मत लड़िए। इसमें कोई नहीं जीतता।”

मी तिला सुनावले की, ज्या विषयाचे आपणास ज्ञान नाही त्यावर बोलू नये. त्यानंतर काही दिवस घरात माझ्याशी कामापुरतेच बोलणे झाले. जिना चढताना मी डावा पाय जपून, हळूच ठेवू लागलो. तो तसा ठेवला जात नाही, हे मला तेव्हाच प्रथम नीट कळले. टाच टेकण्याआधीच पुढचा पंजा खाली पडे, आणि फट् असा आवाज होई.

वैशाखातील उष्ण वारे, इकडची लू, सुरू झाले होते. एके दिवशी एका विधवेचा अर्ज घेऊन मी साहेबांच्या दालनाकडे निघालो, कारण असे अर्ज मी स्वतः नेऊन देतो. व्हरांड्याच्या उंबरठ्यात डाव्या पायाचा अंगठा अडकला आणि मी दोन्ही हातांवर पालथा पडलो. कागद वाऱ्याने पसरले. ज्या बाईचा अर्ज होता, तीच वाकून ते गोळा करू लागली आणि मला म्हणू लागली, “बाबूजी, आप बैठिए, मैं उठा लेती हूँ।” स्टॅम्पवाला आपले तख्त सोडून धावत आला. त्याने मला काखेत हात घालून उभे केले, गुडघ्यावरची धूळ झटकली, आणि मला माझ्या जागी आणून बसविले. तो विनोद करील म्हणून मी वाट पाहिली. त्याने केला नाही. मला खरे भय वाटले ते त्या वेळी.

घरी येऊन मी पत्नीस सांगितले की, आणखी एका डॉक्टरांना दाखविण्यास माझी हरकत नाही. ती म्हणाली, “मी येते संगं.” मी नको म्हणालो. ती पायात चपला घालून दारात उभी राहिली.

या डॉक्टर एका मोठ्या रुग्णालयातील मणक्यांच्या सर्जन बाई होत्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, परंतु समोरच्याचे बोलणे न तोडता ऐकून घेणाऱ्या. मी क्रमवार सांगू लागलो : दुखण्याचा आरंभ, त्याची वाट, औषधांचा परिणाम, दोन डॉक्टरांचा अनुकूल अभिप्राय. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “और पैर?”

“पैर की ऐसी कोई विशेष बात नहीं है।”

पत्नी खुर्चीत पुढे सरकली. तिचे हिंदी साधे आहे. बाहेर ती फारशी बोलत नाही. “डाक्टर साहब, ये झूठ नहीं बोलते। बस आधा बोलते हैं।”

बाईंनी मला बूट-मोजे काढावयास लावले आणि टाचांवर चालून दाखवा म्हणाल्या. उजवा पंजा वर उचलला गेला. डावा जमिनीवर पसरून राहिला. मी एक पाऊल टाकले, दुसरे टाकले. गुळगुळीत फरशीवर तो आवाज घरच्या जिन्यापेक्षा मोठा झाला. पत्नीने मान भिंतीकडे वळविली. तेथे मणक्याचे रंगीत चित्र होते. ते तिने इतक्या लक्षपूर्वक पाहिले की जणू तिला त्यावर कोणी प्रश्न विचारणार होते.

“यह कब से है?” बाईंनी विचारले.

माझ्या मनात तत्काळ अनेक उत्तरे उभी राहिली. त्या सर्वांची रचना निर्दोष होती. पत्नी अजूनही चित्राकडे पाहत होती. या वेळी ती बोलणार नव्हती, हे मी जाणले.

“होली के पहले से।”

त्यांनी लेखणी खाली ठेवली. त्या रागावल्या असत्या तर मी उत्तर देऊ शकलो असतो.

“मुझे दो डॉक्टरों ने मना किया है,” मी म्हणालो.

“उन्हें यह मालूम था?”

मी मोजे घालू लागलो. मग त्यांनी मला समजावून दिले. ऑपरेशन केवळ वेदनेसाठी असते तर थांबता आले असते, कित्येकांची वेदना थांबूनही बरी होते. येथे प्रश्न पावलाचा होता. नस जितकी अधिक काळ दबून राहील, तितके पाऊल परतण्याची आशा कमी.

“ऑपरेशन के बाद पैर लौट आएगा?”

“यह मैं नहीं कह सकती। जल्दी आए होते तो ज़्यादा भरोसे से कहती। अब इतना कह सकती हूँ कि और न बिगड़े, इसकी पूरी कोशिश होगी। ख़तरे भी हैं, वे मैं सब बताऊँगी।” आणि त्यांनी एकही वगळला नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “अब आप बताइए, आप क्या चाहते हैं?”

दुसऱ्यांच्या वतीने मी आजवर किती प्रार्थना लिहिल्या असतील! माझी स्वतःची मागणी मांडावयास मी वाक्य सुरू केले, ते मध्येच तुटले. “चलना चाहता हूँ,” मी म्हणालो. “और अपने तख़्त पर बैठना।”

“चलने की कोशिश करेंगे। पालथी मारना छोड़ना पड़ेगा। कुर्सी रख लीजिएगा।”

मांडी सोडून, कडुनिंबाखाली सर्व तख्तांच्या रांगेत एक खुर्ची, आणि तीवर मी, ही गोष्ट माझ्या कल्पनेत मावेना. मी विचार करण्यास एक दिवस मागून घेतला. त्या म्हणाल्या, “एक ही।”

परतताना ई-रिक्षात मी पत्नीस विचारले, “तुझे काय मत आहे?”

“मी काही सांगत नाही,” ती म्हणाली. “बिघडलं तर जन्मभर मला ऐकावं लागीन. अन् नाही केलं अन् पाय गेला, तरी मलेच.”

“मग त्यांच्यासमोर काहून बोललीस?”

“ते मत नव्हतं. ते जे आहे ते होतं.”

त्या दिवशी मी दोन्ही बाजू मनात मांडून पाहिल्या. दोन्हींकडे भयच होते. ऑपरेशनचे भय जेवढे होते तेवढेच राहिले. पावलाचे मात्र जिना उतरताना वाढे, न्हाणीघरात वाढे, अंधारात चप्पल शोधताना वाढे. सकाळी मी रुग्णालयात फोन केला. प्रस्तावना न करता बोललेले माझे ते कदाचित पहिलेच वाक्य असेल : “करा लूँगा।”

तहसिलीत स्टॅम्पवाल्यास सांगितले. चाकूबद्दलचे आपले मत त्याने पुन्हा उच्चारले नाही. “जगह की फ़िक्र मत कीजिए। मैं अपना बक्सा रख दूँगा आपके तख़्त पर।”

“और मैं न लौटा तो?”

“तो मेरी दुकान बड़ी हो जाएगी,” तो म्हणाला, आणि लगेच तोंड फिरवून एका गिऱ्हाइकावर उगाचच ओरडला.

परवा दाखल व्हावयाचे आहे. तारीख मिळाल्यापासून रोज सकाळी मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभा राहतो आणि डावा पंजा उचलून पाहतो. तो थोडा जरी उचलला गेला, तर फोन करून तारीख पुढे ढकलता येईल, असे मनाच्या तळाशी असते. ते कोणास सांगितलेले नाही. आज तो उचलला गेला. स्पष्टपणे, जमिनीपासून बोटभर. मी पत्नीस हाक मारली. ती कणीक भरल्या हातांनी आली आणि खाली वाकून पाहू लागली.

“बघ,” मी म्हणालो.

तिने पुष्कळ वेळ पाहिले. “तुम्ही गुडघा उचलून राहिले,” ती म्हणाली. मग ती माझ्यासमोर खाली बसली, कणकेचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून तिने तो घट्ट दाबून धरला.

“आता उचला.”

मी उचलीतच होतो.