निरोप मागणारे पाहुणे

सोलो शहरातल्या सेरेंगान वस्तीत कास्मादी पगड्या शिवतात. जावातली ही बाटिकच्या कापडाची पगडी लाकडी डोक्यावर ताणून घडी घडी बसवावी लागते. माप चुकलं तर ती नवरदेवाच्या कानांवर उतरते, नाहीतर टाळूवर तरंगते. म्हणून माप हातात आल्याशिवाय कास्मादी कापडाला कात्री लावत नाहीत.

यंदा ते अशाच एका मापासाठी अडून बसले होते. त्यांच्या आजोबांचा भाऊ मजुरीच्या करारावर सुरीनामला गेला तो तिकडचाच झाला. त्या शाखेतल्या वागिनेमने गेल्या वर्षी ईमेलवरून यांना शोधून काढलं. आता तिच्या मुलाचं, रूडीचं लग्न ठरलं होतं आणि पगडी घराण्यातल्याच हातची हवी होती. माप पाठवते म्हणाली आणि गप्पच झाली. तिचा फोन नंबर यांच्याकडे नव्हता. पार्सलचे दिवस धरता पगडी याच आठवड्यात शिवायला घ्यायला हवी होती.

शेवटी कास्मादींनी भाचीला बोलावलं. वेनिंग पतपेढीत नोकरीला; मामाला ती ‘पाकडे’ म्हणे, जावात थोरल्या काका-मामांना म्हणतात तसं. तिने मामाचा फोन उघडला आणि कपाळाला हात लावला.

“पाकडे, मेलबॉक्स गच्च भरलाय. नवं पत्र येणार कुठून?”

“कोणी भरला?”

“बुटांचं दुकान, नूडल्सवाले, विमानाची तिकिटं, गादीवाले. आणि हे काय? तुम्ही यांना उत्तरं देता?”

कास्मादींनी बहुतेक जाहिरातींना, खाली जे नाव असेल त्या नावाने, उत्तर दिलं होतं. ‘आभारी आहे, सिंताताई. सध्या नको, पुढे बघू.’ तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

“गादीवालीला ईदच्या शुभेच्छा गेल्या,” त्यांच्या पत्नी तुमिनी आतून म्हणाल्या. “माझा भाऊ मात्र कोरडाच राहिला.”

“नावाने हाक मारून लिहितात गं ती माणसं.”

“माणसं कुठली, यंत्र पाठवतं,” वेनिंग म्हणाली. “तळाला ‘सदस्यत्व रद्द करा’ असतं, ते दाबा.”

“दारात आलेल्याला चालता हो म्हणू?”

“पाकडे, आपल्याकडे पाहुणा उठताना काय करतो?”

“निरोप मागतो.”

“आणि यजमान?”

“‘एवढी काय घाई?’ म्हणतो. मग जाऊ देतो.”

“मग हे वाचा. अगदी शेवटी, लाजत लाजत, बारीक अक्षरात. ‘आमची पत्रं नको असतील तर इथे दाबा.’ निरोपच मागतायत बिचारे. तुम्हीच त्यांना उठू दिलं नाहीत.”

कास्मादींनी चष्मा लावून ती ओळ पुन्हा वाचली. चेहरा ओशाळला. मग त्यांनी फोनकडे पाहून “एवढी काय घाई?” असं हळूच म्हटलं आणि त्या ओळीवर बोट दाबलं. बुटांचं दुकान गेलं. नूडल्सवाले गेले.

“थांबा, याला दाबू नका,” वेनिंगने हात धरला. “बक्षीस लागलं म्हणतोय, नावगाव काही नाही. दाबलंत की घरात माणूस आहे हे त्याला कळतं. हा पाहुणा नव्हे, कुंपणावरून डोकावणारा. याला सरळ स्पॅममध्ये टाकायचं.”

पाहुणे गेले तरी त्यांचं सामान घरातच होतं. वेनिंगने एकेका दुकानाचं नाव शोधून जुनी पत्रं एकदम निवडली, पुसली आणि कचरापेटीही रिकामी केली. जागा झाल्यावर कास्मादींनी वागिनेमला लिहिलं, ‘माप पुन्हा पाठव.’

सकाळी उत्तर आलं.

‘पाकडे, दर वेळी मेलबॉक्स भरलाय असंच येत होतं. घरातले म्हणाले, हा जावातला नकार आहे. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून पेटी भरली म्हणतात. आम्ही बाजारातून तयार पगडी आणणार होतो. रूडीचं डोकं अठ्ठावन्न सेंटिमीटर. शिवाल ना?’

कास्मादींनी चष्मा लावला. मग त्यांनी आयुष्यात कोणाला लिहिलं नव्हतं इतकं सरळ उत्तर लिहिलं. ‘हो. आजच शिवायला घेतो.’

आणि फळीवरून अठ्ठावन्नचं लाकडी डोकं उतरवून त्यावरची धूळ पुसली.