ज्ञानोबाचे एकोणीस

ज्ञानोबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. उसाची ट्रॉली उलटली आणि माझा चुलतभाऊ तिच्याखाली सापडला. गावी, उमापूरला, दहाव्याच्या दिवशी त्याच्या ऊसतोड टोळीचा मुकादम बोलायला उभा राहिला. "शिकलेला नव्हता, डोक्यानं बेताचा, पण गडी कामाचा होता," म्हणाला. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली... त्या हललेल्या मानेची मला अजून किळस येते. गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी पान उलटावं.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. हे मी आजही ठणकावून सांगतो, कारण ते फुकट मिळालं नाही. ज्ञानोबा माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा, आणि गणितात कितीतरी पुढं. आठवीनंतर त्याच्या हातात कोयता आला, माझ्या हातात नववीचं पुस्तक. मी बीडला बी.एस्सी.ला असताना गणित विभागानं फळ्यावर कोडं लावलं. चार हा आकडा बरोब्बर चार वेळा वापरायचा आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ एवढ्यावर एक ते वीस सगळ्या संख्या बनवायच्या. म्हणजे चव्वेचाळीस भागिले चार, अधिक चार, झाले पंधरा. माझं सगळं जमलं, एकोणीस सोडून. तीन दिवस डोकं फोडलं. ज्ञानोबाचा उसाच्या फडातून फोन आला तेव्हा गंमत म्हणून त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच फोन.

"लिव बे. चारच्या अगुदर टिंब दे."

"टिंब कशाला?"

"कावून, तुमच्या कालिजात वजनकाटा न्हाई का? पॉइंट चार म्हंजे चारशे किलो. चार आन् चार, आठ टन. त्यातनं चारशे किलो काढ. ऱ्हायले सात टन सहाशे. आता त्याचे चारशे-चारशे किलोचे वाटे घाल आन् मोज."

मोजले. एकोणीस! साखर कारखान्याच्या काट्याच्या पावतीवर तो रोज बघत होता ते टिंब आम्हा बी.एस्सी.वाल्यांपैकी एकालाही दिसलं नव्हतं.

सरांनी विचारलं, दशांशचिन्ह कसं सुचलं? "असंच सुचलं, सर." टाळ्या पडल्या, फळ्यावर माझं नाव लागलं. "माझं नाव सांगितलंस का बे?" ज्ञानोबानं विचारलं. "सांगितलं की. फळ्यावर लावलंय." तो इतका खूश झाला की त्यानं अख्ख्या टोळीला चहा पाजला. तिथंच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण शिक्षक झाल्यावर दरवर्षी नववीला मी तेच कोडं घालत आलो, तेच टिंब देत आलो. मुलं म्हणतात, "सर, लई भारी!" आणि मी हसतो. दुसऱ्याच्या ताटातलं आपल्या हातचं म्हणून वाढायचं आणि वर ढेकर द्यायचा, असला हा प्रकार.

दहाव्यानंतर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. "भावजी, यांचं नाव कालिजाच्या फळ्यावर हाय ना? पूजाला न् आबाला एकडाव दाखवा. आबा म्हणत्यात, पोरगी औंदा टोळीत न्या, आपल्या घरात कुणाला डोकं हाय शिकायचं? नाव बघितलं की गप बसत्याल."

आबा म्हणजे ज्ञानोबाचे वडील, माझे चुलते; पूजा त्याची मुलगी. मी "बघू" म्हणालो आणि सटकलो. गेल्या आठवड्यात परत गेलो आणि आबांच्या समोर खरं ते सांगितलं. आबा खाली बघत राहिले. वहिनींनी विचारलं,

"म्हंजे ते एवढी वर्सं छाती काढून हिंडले, आन् तुमी नुसते बघत ऱ्हायले?"

"हो."

"मंग पेपरात लिवा. सोताच्या नावानं. फळा पुसतेत लोकं, पेपर घडी घालून ठेवता येतो."

म्हणून लिहितोय. ते उत्तर ज्ञानोबाचं. आणि आबा, पूजाला टोळीत नेऊ नका. डोकं तुमच्याच घरात होतं, त्याच्यावर मी पगार खातोय.

त्या दिवशी निघताना पूजानं मला थांबवलं आणि घराचं दार आतून लावून घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला कोळशानं नुसते चार... वरपासून खालपर्यंत, एकापासून साठाच्याही पुढच्या संख्यांच्या मांडण्या. काही संख्यांपुढं मोकळी जागा. एकोणीसपुढं मांडणी पूर्ण होती, आणि शेजारी बारीक अक्षरात माझं नाव लिहून त्यापुढं ज्ञानोबानं लिहिलं होतं, "ही दोघांनी मिळून."